एका कोंबडीची गांठ

(नभोवाणीवरील भाषण)

कर्करोगाच्या इतिहासावर बोलावयास मी कांहीं वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. मॅट्रिक होऊन शाळेंत मास्तरकी पत्करली, मुलांना इतिहास व थोडेंबहुत शास्त्र शिकविलें, आणि आतां निवृत्तीनंतर घरीं बसून वाचन करतों, एवढाच माझा अधिकार. तरी हा विषय मीं होऊन मागून घेतला, याला एक घरगुती कारण आहे. तें आधीं सांगितल्यावांचून पुढील हकीकत सांगण्याचा मला हक्क पोंचत नाहीं, असें मला वाटतें.

१९८७ सालीं माझ्या थोरल्या वहिनींना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. त्या काळीं घरांत वर्तमानपत्र बारकाईनें वाचणारा असा मीच एक होतों. कांहीं कर्करोगांच्या मुळाशीं विषाणु असतात असें शास्त्रज्ञांना आढळून आलें आहे, अशा अर्थाचा मजकूर माझ्या वाचनांत आला होता. विषाणु म्हणजे साथ, आणि साथ म्हणजे स्पर्शाची भीति, असा सरळ हिशेब मांडून मीं घरांत सांगितलें कीं, वहिनींचें ताट, वाटी, फुलपात्र वेगळें ठेवावें आणि लहान मुलांना त्यांच्याजवळ निजूं देऊं नये. मास्तरांचा शब्द म्हणून घरानें तो मानला, दादांनींहि मानला. त्यानंतर वहिनी आठ महिने जगल्या. त्यांनीं तक्रार अशी कधीं केली नाहीं. फक्त एकदां, मी औषध घेऊन गेलों असतां, त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीं वाचलेलें खरेंच असेल. पण मुलांना दारांतून तरी मला पाहूं द्या."

मीं वाचलेली बातमी खोटी नव्हती, पण ती अपुरी होती. आणि तिच्या अपुरेपणाची किंमत त्या माउलीनें मोजली. राहिलेला भाग समजून घ्यावयास मला पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. तो आज आपल्यापुढें ठेवतों.

या कथेचा आरंभ १९०९ सालीं न्यूयॉर्क शहरांत होतो. तेथील रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस नांवाचे एक तरुण संशोधक नुकतेच गांठींच्या अभ्यासाला लागले होते. विद्यार्थिदशेंत शवविच्छेदन करतांना क्षयानें दूषित झालेल्या हाडानें त्यांचें बोट खरचटलें होतें, त्यांतून त्यांना क्षयाची बाधा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुढें एक वर्ष त्यांनीं टेक्सास प्रांतांत गुरांच्या कुरणांवर काढलें. असे हे प्रकृतीनें नाजूक पण वृत्तीनें चिवट गृहस्थ. त्यांच्याकडे प्लिमथ रॉक जातीची एक पट्टेदार कोंबडी आली. तिच्या छातीवर एक मोठी गांठ वाढली होती.

राउस यांनीं त्या गांठीचे लहान तुकडे काढून तिच्याच रक्ताच्या नात्यांतील दुसऱ्या कोंबड्यांच्या अंगांत घातले. तेथेंहि गांठी वाढल्या. यांत फारसें नवल नव्हतें, कारण जिवंत पेशींचें कलम केल्यासारखाच तो प्रकार होता. पण पुढचा प्रयोग निराळा होता. त्यांनीं गांठ वाळूबरोबर बारीक घोटली, मिठाच्या पाण्यांत कालविली, आणि तो द्रव अशा सूक्ष्म गाळणींतून काढला कीं, जींतून पेशी तर नाहींच, पण सामान्य जंतुहि पार होऊं शकत नाहींत. खालीं उतरलेलें तें स्वच्छ पाणी त्यांनीं निरोगी कोंबड्यांना टोंचलें. कांहीं आठवड्यांनीं त्यांच्याहि अंगांत तशाच गांठी दिसूं लागल्या. गाळणींतून निसटणारें असें कांहींतरी त्या पाण्यांत होतें, आणि तेंच गांठीला कारण होत होतें. १९११ सालीं राउस यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. आज आपण त्या वस्तूला विषाणु म्हणतों.

त्यांच्याही आधीं, १९०८ सालीं, कोपनहेगन येथें एलरमन व बँग या दोन संशोधकांनीं कोंबड्यांतील रक्ताचा एक कर्करोग अशाच गाळलेल्या द्रवानें एकीकडून दुसरीकडे नेऊन दाखविला होता. परंतु तो रोग मुळांत कर्करोगांत मोडतो हेंच त्या वेळीं कोणी मानीत नव्हतें, त्यामुळें त्यांच्या कामाकडे फारसें कोणी वळून पाहिलें नाहीं.

राउस यांच्या वांट्यालाहि याहून बरें कांहीं आलें नाहीं. कोंबडीची गोष्ट कोंबडीपुरती, माणसाला तिचें काय, असें विद्वान म्हणूं लागले. उंदरांच्या गांठींवर तोच प्रयोग त्यांनीं करून पाहिला, तो साधला नाहीं. शेवटीं १९१५ च्या सुमारास त्यांनीं हा नाद सोडला आणि ते रक्त टिकविण्याच्या प्रश्नाकडे वळले. सायट्रेट व साखर घालून रक्त कित्येक दिवस टिकवितां येतें, हें त्यांनीं व टर्नर यांनीं दाखविलें; आणि १९१७ सालीं पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांसाठीं रक्ताचा सांठा करण्यास तें ज्ञान उपयोगी पडलें. एका दाराला कुलूप लागलें तेव्हां या मनुष्यानें दुसरें दार उघडून असंख्यांचे प्राण वांचविण्याची वाट करून दिली, ही गोष्ट विसरतां कामा नये.

आतां आपण न्यूयॉर्क सोडून बर्लिनला जाऊं. भाकरीचा घांस जरा अधिक वेळ चावला म्हणजे तो गोड लागूं लागतो, हें आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. लाळेंतील एक द्रव्य पिठाची साखर करतें आणि स्वतः मात्र खर्चीं पडत नाहीं. अशा द्रव्याला एन्झाइम म्हणतात. आपल्याकडे त्याला 'विकर' हा शब्द रूढ झाला आहे. प्रत्येक पेशींत अशीं हजारों विकरें आपापलें नेमलेलें काम करीत असतात. अन्न जाळणें, साखर फोडणें, नवीं प्रथिनें जोडणें हीं सर्व कामें त्यांच्याच हातून होतात. बर्लिनमधील ओटो वारबर्ग यांना वाटत होतें कीं, कर्करोगाचें मूळ याच विकरांच्या कारभारांत सांपडेल.

१९२० नंतरच्या दशकांत वारबर्ग यांनीं गांठीचे पातळ काप काचेच्या भांड्यांत ठेवून त्यांचा श्वासोच्छ्वास मोजला. निरोगी पेशीला प्राणवायु मिळाला म्हणजे ती साखर पुरती जाळून तींतून पुष्कळ शक्ति मिळविते. गांठीच्या पेशी मात्र प्राणवायु हवा तेवढा असूनहि साखर अर्धवट फोडतात आणि तिचें लॅक्टिक अम्ल करतात. आपल्या दह्याला आंबटपणा येतो तो याच अम्लामुळें. श्वसनाच्या विकराविषयींच्या संशोधनाबद्दल वारबर्ग यांना १९३१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पेशीचें श्वसन बिघडतें म्हणून कर्करोग होतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढें टिकला नाहीं. परंतु गांठीची साखरेची हांव हें त्यांचें निरीक्षण पक्कें ठरलें. आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांत पेट स्कॅन करतात, त्यांत किरणोत्सर्गी साखर टोंचून ती शरीरांत कोठें गोळा होते हें पाहतात. त्या तपासणीचें मूळ बर्लिनच्या त्या काचेच्या भांड्यांत आहे.

याप्रमाणें एक पक्ष विकरांचा व दुसरा विषाणूंचा असे दोन प्रवाह पुष्कळ वर्षें वेगवेगळे वाहत राहिले. मध्यंतरीं एक घोटाळाहि झाला. डेन्मार्कमधील फिबिगर यांनीं उंदरांच्या जठरांतील गांठीचें कारण एक जंत आहे असें प्रतिपादन केलें, आणि १९२६ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना देण्यांत आलें. पुढें तो सिद्धान्त चुकीचा ठरला. बाहेरून आलेल्या कोणा परक्या जीवामुळें कर्करोग होतो असें म्हणणाऱ्याकडे लोक संशयानें पाहूं लागले, तर त्यांत नवल नव्हतें.

तथापि विषाणूंचा पक्ष अगदीं मेला नव्हता. १९३३ सालीं रिचर्ड शोप यांनीं रानसशांच्या अंगावरील चामखिळींचें कारण विषाणु असल्याचें दाखविलें, आणि त्या मित्राच्या शोधानें राउस पुनः आपल्या जुन्या विषयाकडे आले. त्या चामखिळींतून कर्करोग होऊं शकतो हें त्यांनीं सिद्ध केलें. १९३६ सालीं जॉन बिटनर यांनीं असें दाखविलें कीं, स्तनांच्या गांठी होणाऱ्या उंदरांच्या वंशांत तो दोष आईच्या दुधावाटे पिल्लांत उतरतो. पिल्लें जन्मतांच दुसऱ्या वंशाच्या उंदरीकडे पाजावयास दिलीं तर तीं पुष्कळ अंशीं वांचतात. तो दोष म्हणजेहि एक विषाणुच होता. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास पुढें आपल्या मुंबईंतहि झाला. पुण्यास जन्मलेल्या व हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं डॉ. खानोलकर यांच्या हाताखालीं १९४९ सालीं पीएच. डी. मिळविली, अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत पेशी काचपात्रांत वाढविण्याची विद्या संपादिली, आणि ती मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत आणून रुजविली. बाल्टिमोरच्या या प्रयोगशाळेचा उल्लेख मला पुढें पुनः करावयाचा आहे.

आतां कथेंतील मुख्य वळण येतें. तें समजावें म्हणून मी जुन्या कचेरीचा दाखला देतों. पेशीच्या गाभ्यांत डी. एन. ए. नांवाचें मूळ दप्तर असतें. तें दप्तर बाहेर नेत नाहींत. हव्या त्या कलमाची नक्कल उतरवून ती कामगारांकडे पाठवितात. या नकलेला आर. एन. ए. म्हणतात. नक्कल वाचून कामगार प्रथिनें घडवितात, आणि बहुतेक विकरें हीं प्रथिनेंच होत. मूळ दप्तरावरून नक्कल, नकलेवरून काम, असा हा कारभार असून, नकलेवरून मूळ दप्तर लिहिलें जात नाहीं अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. राउस यांच्या कोंबडीचा विषाणु मात्र चमत्कारिक होता. त्याच्यापाशीं मूळ दप्तर नव्हतेंच, केवळ नक्कल होती. मग नुसत्या नकलेच्या बळावर तो पेशीचा स्वभाव पिढ्यान् पिढ्या कसा बदलतो?

१९५८ सालीं कॅलिफोर्नियांत हॅरी रूबिन व हॉवर्ड टेमिन यांनीं हा विषाणु काचेच्या तबकडींत, कोंबडीच्या पिल्लाच्या पेशींवर वाढवून त्याची मोजदाद करण्याची पद्धति बसविली. जेथें विषाणु शिरे तेथें पेशींचे लहान ढीग उठत. टेमिन यांच्या लक्षांत आलें कीं, विषाणूच्या जातींत थोडा फरक पडला तर त्या ढिगांतील पेशींचा आकारहि बदलतो, आणि तो बदल त्या पेशींच्या संततींत कायम राहतो. यावरून त्यांनीं १९६४ सालीं असें अनुमान मांडलें कीं, हा विषाणु आपल्या नकलेवरून उलट मूळ लेख तयार करतो आणि तो पेशीच्या दप्तरांत घुसडून देतो. सहा वर्षें बहुतेकांनीं हें म्हणणें मानलें नाहीं. जें विकर हें उलट लेखन करील, असें विकर कोणीं पाहिलेलेंच नव्हतें.

१९७० सालीं तें सांपडलें. विस्कॉन्सिन विद्यापीठांत टेमिन यांनीं सातोशी मिझुतानी यांच्यासह, आणि मॅसेच्युसेट्समध्यें डेव्हिड बाल्टिमोर यांनीं स्वतंत्रपणें, विषाणूच्या कवचाच्या आंतच तें विकर असल्याचें दाखवून दिलें. दोघांचे निबंध त्याच वर्षाच्या जून महिन्यांत 'नेचर' या पत्राच्या एकाच अंकांत लागोपाठ छापले गेले. त्या विकराचें नांव रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. २०२० सालच्या साथींत घरोघर ज्या आर. टी. पी. सी. आर. तपासणीचें नांव झालें, तींतील 'आर. टी.' हीं अक्षरें या उलट लेखनाचींच होत. कोंबडीच्या गांठीचा शोध अशा रीतीनें आपल्या प्रत्येकाच्या नाकापर्यंत येऊन पोंचला, असें म्हटलें तर तें विनोदाचें वाटेल, पण खोटें नाहीं.

पेटन राउस यांना १९६६ सालीं, म्हणजे शोधानंतर पंचावन्न वर्षांनीं, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचे जांवई ॲलन हॉजकिन यांना तें तीन वर्षें आधींच मिळून गेलें होतें! फेब्रुवारी १९७० मध्यें राउस वारले. चारच महिन्यांनीं त्यांच्या विषाणूचें रहस्य उलगडलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वारबर्ग वारले. एकानें विषाणु धरून ठेवला होता आणि दुसऱ्यानें विकर. त्या दोघांच्या मृत्यूंच्या मधल्या काळांत विषाणूच्या पोटांतच विकर सांपडावें, हा योगायोग इतिहासाच्या शिक्षकाला विसरतां येण्यासारखा नाहीं.

टेमिन यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या समारंभांत त्यांनीं धूम्रपान करणाऱ्या मंडळींना भर सभेंत सुनावलें. कर्करोग टाळण्याचा इतका उघड उपाय लोक करीत नाहींत याचा त्यांना संताप होता. त्यांनीं स्वतः कधीं धूम्रपान केलें नाहीं. तरी १९९४ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानेंच त्यांचा अंत झाला. रोग झाला म्हणजे रोग्याच्या हातून कांहींतरी पाप घडलें असावें, असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

विषाणु दप्तरांत शिरतो हें कळलें. पण तेथें शिरून तो करतो काय? त्या विषाणूंत 'सार्क' नांवाचें एक जनुक असतें. तें असलें तर गांठ होते, तें नसलें तर विषाणु वाढतो पण गांठ होत नाहीं. हें जनुक विषाणूनें कोठून आणलें? १९७६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील बिशप व व्हार्मस यांनीं स्टेहेलिन व व्होग्ट यांच्यासह याचें उत्तर दिलें, आणि तें ऐकून विद्वानांनीं तोंडांत बोटें घातलीं. तें जनुक निरोगी कोंबडीच्या स्वतःच्या पेशींत होतें. बदकांत होतें, टर्कींत होतें, एमू पक्ष्यांतहि होतें. आणि पुढें तें माणसांतहि आढळलें. कोण्या काळीं विषाणूनें तें कोंबडीच्याच घरांतून उचललें होतें आणि बिघडलेल्या स्वरूपांत तो तें परत आणीत होता. कर्करोगाचीं बीजें बाहेरून येतातच असें नाहीं. तीं आपल्याच पेशींच्या रोजच्या कारभारांत असतात. तंबाखूचा धूर, ऊन, किरण, वय किंवा विषाणु यांपैकीं कशानेंहि तीं बिघडूं शकतात. या शोधाबद्दल बिशप व व्हार्मस यांना १९८९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

सार्क जनुकापासून जें प्रथिन घडतें तेंहि एक विकरच निघालें. १९७७ व १९७८ सालीं कोलोरॅडो येथील एरिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं हें दाखविलें. या विकराचें काम शिक्के मारण्याचें. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का उमटला म्हणजे तें प्रथिन जागें होतें व पेशीला 'वाढ, विभागणी कर' असा हुकूम पोंचतो. निरोगी पेशींतील शिक्केवाला वरिष्ठांचा इशारा येईपर्यंत हात आवरून बसतो. विषाणूच्या शिक्केवाल्याला थांबणें माहीत नसतें. तो शिक्के मारीतच राहतो, पेशी विभागतच राहते, आणि गांठ वाढते.

हा शिक्का नक्की कोठें उमटतो याचा शोध एका लहानशा आळसामुळें लागला. १९७९ सालीं कॅलिफोर्नियांतील साल्क संस्थेंत टोनी हंटर हे अमिनो अम्लें वेगळीं करीत होते. त्यासाठीं लागणारा द्रव ताजा करावयाचा कंटाळा करून त्यांनीं जुनाच वापरला. जुना झाल्यामुळें त्याची आम्लता थोडी वाढली होती, आणि त्यामुळें एरवीं एकत्र दिसणारीं दोन द्रव्यें अलग झालीं. तोंवर कोणाच्या ध्यानांत न आलेलें, टायरोसिन या अम्लावरील फॉस्फेट त्यांत उघडें पडलें. पुढील वर्षीं हंटर व सेफ्टन यांनीं दाखविलें कीं, सार्कचा शिक्का टायरोसिनवरच बसतो.

या ज्ञानाचें फळ रोग्यांच्या पदरांत पडावयास आणखी वीस वर्षें लागलीं. रक्ताच्या एका कर्करोगांत, दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन असाच एक न थांबणारा शिक्केवाला तयार होतो. त्याच्या मूळ जनुकाची ओळखहि उंदरांतील एका विषाणूमुळेंच झाली होती. त्या विकराच्या खांचेंत बसून त्याचा हात धरून ठेवणारें इमॅटिनिब हें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. पूर्वीं जो रोग कांहीं वर्षांत प्राण घेई, तो रोग आतां अनेकांच्या बाबतींत रोजच्या गोळीवर आवरून धरतां येतो. या औषधाच्या एकस्वाचा अर्ज १ एप्रिल २०१३ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें फेटाळला, त्यामुळें तें स्वस्तांत बनविण्याचा देशी कारखान्यांचा मार्ग मोकळा राहिला.

आतां माणसांकडे, आणि माझ्या वहिनींकडे, वळतों. माणसांत कर्करोगाला कारण होणारा पहिला विषाणु १९६४ सालीं लंडन येथें एप्स्टाइन, अचाँग व बार यांनीं शोधिला. युगांडांत डेनिस बर्किट यांनीं मुलांच्या जबड्यांवरील ज्या गांठी पाहिल्या होत्या, त्यांच्या पेशींत तो मिळाला. यकृताला सूज आणणारा बी जातीचा विषाणु यकृताच्या कर्करोगालाहि कारण होतो. १९८४ पासून तैवानमध्यें नवजात मुलांना त्याची लस देऊं लागले, आणि तेथील मुलांत यकृताचा कर्करोग बराच कमी झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें मूळ जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं १९८३ व १९८४ सालीं शोधून काढलें. चामखिळींच्या विषाणूंच्या कुळांतील १६ व १८ क्रमांकांचे दोन विषाणु हें तें मूळ. या कर्करोगाचे सुमारें ७० टक्के रोगी याच दोघांमुळें होतात. त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वर ज्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेचा उल्लेख केला, तेथें १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या एका गरीब स्त्रीच्या गांठींतील पेशी तिच्या संमतीवांचून वाढविल्या गेल्या व त्या अद्याप जगभर वाढत आहेत. त्या पेशींतहि पुढें हाच १८ क्रमांकाचा विषाणु सांपडला.

हा विषाणु शिक्केवाला बरोबर आणीत नाहीं. त्याची युक्ति निराळी. आपल्या पेशींत पी-५३ नांवाचें एक प्रथिन पहाऱ्यावर असतें. दप्तरांत बिघाड दिसला कीं तें पेशीची वाढ थांबवितें किंवा तिला मरावयास लावतें. विषाणूचें एक प्रथिन पेशीच्याच एका विकराला हाताशीं धरून या पहारेकऱ्याचा काटा काढतें. दुसरें प्रथिन आणखी एका पहारेकऱ्याला निकामी करतें. पहारा उठल्यावर बिघाड सांचत जातात, आणि दहा, पंधरा, वीस वर्षांनीं केव्हां तरी कर्करोग उभा राहतो.

माझ्या चुकीचें उत्तर येथें आहे. हा विषाणु ताटांतून जात नाहीं, वाटींतून जात नाहीं, मांडीवर घेतलेल्या मुलाला तो आजार लागत नाहीं. तो मुख्यतः स्त्रीपुरुषांच्या निकट शरीरसंबंधांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि इतका सार्वत्रिक आहे कीं, बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यांत केव्हां ना केव्हां गांठतोच. दहांपैकीं बहुधा नऊ जणांच्या शरीरांतून तो एकदोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो ठाण मांडतो. त्यांत कोणाच्या शीलाचा प्रश्न नाहीं. विषाणु एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतो; पण झालेला कर्करोग रोग्याच्या सेवेंतून सेवा करणाऱ्याला लागत नाहीं. या दोन वाक्यांतील फरक मला १९८७ सालीं कळला असता, तर आमच्या घरांतील ते आठ महिने वेगळे गेले असते. २०१८ सालच्या एका जागतिक अंदाजाप्रमाणें सर्व कर्करोगांपैकीं सुमारें १३ टक्केच संसर्गांमुळें उद्भवतात, आणि त्यांतहि मोठा वांटा जठरांतील एका जंतूचा आहे.

विशेष म्हणजे या विषाणूच्या तपासणीचा एक मोठा कसोटीचा प्रयोग आपल्याच मुलखांत झाला. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून १९९९ सालापासून तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील खेड्यांत तीस ते एकोणसाठ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची पाहणी केली. गांवांचे ५२ समूह करून ते चार गटांत वांटले होते. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे: ज्या गटांत विषाणूची तपासणी केवळ एकदां केली, तेथें आठ वर्षांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या, जेथें कोणतीच तपासणी नव्हती, तेथें ६४. आणि ज्या स्त्रियांत विषाणु आढळला नव्हता, त्यांच्यापैकीं एकहि या कर्करोगानें मेली नाहीं. तपासणीवांचून राहिलेल्या गटाबद्दल पुढें टीका झाली, आणि ती अगदींच अनाठायीं होती असें मला म्हणवत नाहीं. पण ज्वारीच्या शेतांत राबणाऱ्या त्या बायांनीं दिलेलें उत्तर जगभर ग्राह्य धरलें गेलें, हेंहि खरें आहे.

२००६ सालापासून या विषाणूवर लसहि निघाली आहे. पुण्यांत बनलेली देशी लस जानेवारी २०२३ मध्यें आली. स्कॉटलंडमधील २०२४ सालच्या एका पाहणींत, बाराव्या-तेराव्या वर्षीं पूर्ण लस घेतलेल्या मुलींत या कर्करोगाची एकहि केस आढळली नाहीं. लहान वयांत, विषाणूशीं गांठ पडण्यापूर्वीं लस, आणि तिशीनंतर तपासणी, असे दोन बंधारे आतां आपल्या हातीं आहेत. लस घेतली म्हणून तपासणी टाळूं नये, कारण लस सर्वच जातींच्या विषाणूंवर चालत नाहीं.

गेल्या वर्षीं माझ्या सूनबाईंनीं मला विचारलें, "अण्णा, मुलीला ही लस द्यावी का? लोक नाना तऱ्हेचें बोलतात." चाळीस वर्षांपूर्वींचा मी असतों, तर वर्तमानपत्रांतील एका मथळ्यावरून तत्काळ निकाल देऊन मोकळा झालों असतों. या वेळीं मीं तिला म्हटलें, "बाळ, माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊं नकोस. आपण डॉक्टरांकडे जाऊन सारें विचारून घेऊं." आम्ही तिघें गेलों, मनांतल्या शंका विचारल्या, आणि नातीनें लस घेतली.

वहिनींचें तें स्टीलचें ताट अजून आमच्या घरांत आहे. त्यावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. पुष्कळ वर्षें तें फडताळांत मागें पडून होतें. आतां त्या ताटांत मी जेवतों. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं या रोगाचें माणूस असेल, तर माझी एवढीच विनंति आहे, कीं त्याचें पान वेगळें मांडूं नका. त्याला आपल्या पंक्तीला घ्या, आणि मुलांना त्याच्याजवळ बसूं द्या.